पाणी कशाचं आहे आज? मेक्सिकोतल्या घरगुती खाणावळी आणि तिथली सरबतं

"दे के एस एल आग्वा?" म्हणजे, पाणी कशाचं आहे? मेक्सिको सिटीत दुपारी जेवायला बसलेला माणूस हे आधी विचारतो, भाजी-कालवणाची चौकशी नंतर. शेजारच्या टेबलावरून हे पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा मला वाटलं, आपलंच स्पॅनिश कच्चं. पाणी कशाचं असणार? नळाचं, नाहीतर फिल्टरचं. तेवढ्यात आतून उत्तर आलं, "हमायका!" आणि दोन मिनिटांत माझ्यापुढे गडद लाल रंगाचा ग्लास आला. एक घोट घेतला आणि थेट आजोळचं परसदार आठवलं. अंबाडी! लाल बोंडांची, जिची आजी चटणी करायची.

नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही त्या शहरात तीन वर्षं काढली. परत आल्यापासून कुणी ना कुणी विचारत असतं. कंपनीकडून ग्वादालाहाराला निघालेली मुलं असतात, मुलीकडे सहा महिने राहायला चाललेले आईवडील असतात. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून घसा सुकला, म्हणून एकदाचं लिहून काढते. आधी तिथल्या खाणावळीत कसं जेवायचं ते, मग तिथली पेयं इथे आपल्या ओट्यावर कशी करायची ते. जायचा योग नसेल तर सरळ दुसऱ्या भागावर उडी मारा, माझी हरकत नाही.

फोंदा म्हणजे आपली खाणावळ

घरच्याच माणसांनी चालवलेल्या छोट्या जेवणघराला तिथे फोंदा म्हणतात. गोव्यातल्या फोंड्याशी याचा काही संबंध नाही. अरबीत सराईला फुंदुक म्हणतात, तो शब्द स्पेनमार्गे इथवर आला. आई चुलीशी, मुलगी ऑर्डर घेतेय, मुलगा ताटं उचलतोय, आजी कोपऱ्यात बसून मिरच्यांचे देठ काढतेय, असा सगळा कारभार. सात-आठ टेबलं, त्यांवर फुलाफुलांचं रेक्झिन, भिंतीवर ग्वादालुपेची माता, आणि टीव्ही चालू.

इथे मिळतं ते 'कोमिदा कोरिदा'. आपल्याकडची राइसप्लेट डोळ्यांसमोर आणा, फक्त ती एकदम न येता तीन टप्प्यांत येते. आधी पातळ सूप, बहुतेकदा टोमॅटोच्या रसातल्या शेवयांचं. मग भात, त्याला ते 'कोरडं सूप' म्हणतात, का ते विचारू नका. मग मुख्य कालवण, तीन-चार प्रकारांतून आपण निवडायचं, सोबत घेवड्याची उसळ आणि फडक्यात गुंडाळलेल्या गरम तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पातळ पोळ्या. शेवटी कधी जेली, कधी तांदळाची खीर. होय, खीरच, दालचिनी घातलेली. आणि या सगळ्याबरोबर त्या दिवसाचं 'पाणी', म्हणजे सरबत. आमच्या वेळी हे सगळं शंभर पेसोंच्या आसपास पडायचं.

कधी जायचं, कुठे बसायचं

वेळ चुकली की सगळं चुकलं. मेक्सिकन माणूस दुपारी दोन ते चारच्या दरम्यान जेवतो. आपण सवयीने साडेबाराला गेलो तर भांडी अजून चुलीवर असतात, आणि साडेचारला गेलो तर तळाशी उरलेलं वाट्याला येतं. दीड वाजता पोहोचा. सगळे पदार्थ तयार असतात आणि कचेऱ्यांची गर्दी अजून यायची असते. रात्री फोंदा शोधत फिरू नका, बहुतेक संध्याकाळपर्यंत बंद होतात.

नकाशावरचे तारे मोजण्यापेक्षा दाराबाहेर बघा. पोपटी किंवा गुलाबी चकचकीत कार्डशीटवर जाड मार्करने लिहिलेला आजचा मेनू असेल, तर स्वयंपाक रोज बदलतो. रंगीत फोटोंचा लॅमिनेट केलेला मेनू असेल तर पुढे चला. आत कोण बसलंय तेही बघा. गळ्यात ओळखपत्र लटकवलेले कारकून, बांधकामावरचे मजूर, एकटे जेवणारे म्हातारे गृहस्थ. एकटा म्हातारा माणूस रोज ज्या टेबलावर जेवतो तिथे तिखट-मीठ प्रमाणात असतं, हा माझा अनुभव.

प्रत्येक वस्तीत एक झाकलेला बाजार, 'मेर्कादो' असतो, आणि त्यात फोंद्यांची एक रांग असतेच. नवख्या माणसाला मी तिथूनच सुरुवात करायला सांगते. सिमेंटच्या कट्ट्यापुढे स्टुलं, समोरच मातीच्या मोठ्या भांड्यांत कालवणं. बोट दाखवलं की काम झालं. बाया हाका मारत राहतात, "काय देऊ मार्चान्तिता?" मार्चान्ता म्हणजे गिऱ्हाईक, आणि लाडाने गिऱ्हाइकुली. लाजू नका, भांड्यात डोकावून बघा, विचारा, आणि नको असेल तर "ग्रासियास" म्हणून पुढे व्हा. कुणी राग धरत नाही.

आत गेल्यावर

शिरताना "बुएनास तार्देस" म्हणायचं, सगळ्यांना मिळून. जेवत असलेल्या लोकांच्या जवळून जाताना "प्रोवेचो" म्हणायचं, म्हणजे अन्न अंगी लागो. निघतानाही तेच. अनोळखी माणसं हे एकमेकांना म्हणतात, आणि ते न म्हणणारा माणूस तिथे शिष्ट ठरतो. मालकिणीला 'सेन्योरा' किंवा ओळख झाल्यावर नावापुढे 'दोन्या' लावून हाक मारा. ती तुम्हाला 'होवेन' म्हणेल, म्हणजे तरुण. माझ्या सासऱ्यांना बहात्तराव्या वर्षी एका बाईंनी होवेन म्हटलं, त्या दिवसापासून ते दुसरीकडे जेवायला तयार नव्हते.

बिल आपणहून कधी येत नाही. जेवणाऱ्यापुढे बिल ठेवणं म्हणजे त्याला उठवणं. म्हणून "ला क्वेन्ता, पोर फावोर" म्हणावं लागतं. पैसे रोख ठेवा आणि सुट्टे ठेवा. पाचशेची नोट काढली की मालकिणीचा चेहरा आपल्या भाजीवालीसारखाच होतो. टीप दहा टक्के पुरे. आणि "आओरिता" हा शब्द ऐकलात, म्हणजे 'आत्ता आणते', तर तो आपल्या 'हे काय, निघालोच'च्या जातीचा आहे हे लक्षात असू द्या.

टेबलावर दोन वाट्यांत साल्सा असतात, एक लाल, एक हिरवी. कोल्हापूरचे आहोत या ऐटीत चमचा भरून ओतू नका. हिरवी पुष्कळदा लालपेक्षा जहाल असते. "क्वाल पीका मास?" म्हणजे कुठली जास्त तिखट, एवढं विचारायला काय जातं?

शाकाहारी माणसांनी हे दोनदा वाचावं

पहिल्याच आठवड्यात मी एका फोंद्यात बसून अगदी पाठ करून आलेलं वाक्य म्हटलं: "सिन कार्ने." मांस नको. बाईंनी मान डोलावली आणि वाफाळतं सूप आणलं. दोन चमचे पोटात गेल्यावर तळाशी कोंबडीचा तुकडा दिसला. मी हाक मारली, बोट दाखवलं. बाई खरोखरच गोंधळल्या. "पण हे कार्ने नाहीये हो," त्या म्हणाल्या, "हे पोयो आहे!"

चूक त्यांची नव्हती. तिथे कार्ने म्हटलं की गाय किंवा डुक्कर. कोंबडी आणि मासे त्यात येत नाहीत. त्यामुळे पूर्ण वाक्य पाठ करा: "नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो." एवढ्यावरही भागत नाही. लाल भात बहुधा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात, त्यासाठी "येवा काल्दो दे पोयो?" असं विचारायचं. आणि सगळ्यात छुपी गोष्ट म्हणजे मान्तेका, डुकराची चरबी. परतून घोटलेल्या घेवड्यात, तामालेसच्या, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेल्या मक्याच्या मुटक्यांच्या पिठात ती पुष्कळदा असते. "येवा मान्तेका?" हा प्रश्न जिभेवर तयार ठेवा. 'फ्रिहोलेस रेफ्रीतोस' टाळून 'फ्रिहोलेस दे ला ओया', म्हणजे भांड्यात नुसता उकडलेला घेवडा मागितला तर धोका कमी, पण विचारायचं तिथेही.

एवढं सांभाळलं की मग चंगळ आहे. पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या सायीत घोळवलेल्या 'राहास कोन क्रेमा' मिळतात. निवडुंगाच्या कोवळ्या पानांची भाजी असते, नोपालेस. ती भेंडीसारखी थोडी बुळबुळीत लागते, पण कांदा-टोमॅटोबरोबर छान. घेवडा भरलेली जाड लांबट भाकरी, तिला त्लाकोयो म्हणतात. भोपळ्याच्या फुलांची केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडलेली तोर्तिया. पण राजधानीत केसादिया मागताना "कोन केसो" म्हणायला विसरू नका. नावातच 'केसो' म्हणजे चीज असलं तरी मेक्सिको सिटीत ते न घालताच देतात, आणि त्यावरून बाकीचा देश त्यांची टिंगल करतो. चीज भरलेली तळलेली मिरची, चिले रेयेनो, फारच सुरेख. मात्र तिचं आवरण फेटलेल्या अंड्याचं असतं.

रानभाज्यांना ते केलितेस म्हणतात. घोळ, माठ, चाकवताची भावंडं, सगळं बाजारात जुड्या बांधून. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या व्रताच्या काळात गेलात तर नशीबवान, दर शुक्रवारी फोंद्यांत मांस नसलेले पदार्थ वाढतात. मासे-कोळंबी असते, पण बटाट्याचे वडे, भाज्यांची कालवणं यांचीही रेलचेल असते. याच काळात, गुड फ्रायडेच्या बरोबर एक आठवडा आधी 'दुःखी मातेचा शुक्रवार' येतो. मेरीसाठी घरोघरी वेदी मांडतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सरबत देतात. ते म्हणजे तिचे अश्रू. लोक दारात येऊन विचारतात, "माता रडली का?" आणि ग्लास पुढे करतात. पाणपोईचं इतकं हळवं रूप मी दुसरीकडे पाहिलं नाही.

बरणीवरून स्वयंपाकघर ओळखायचं

आता मुद्द्याचं. फोंदा चांगला की वाईट हे मी जेवण येण्याआधीच ठरवते, आणि ते सरबताच्या बरणीवरून. पोटुशी, रुंद तोंडाची, काचेची किंवा प्लास्टिकची ती बरणी म्हणजे वित्रोलेरो. ती दर्शनी भागात ठेवलेली असते, आत लांब दांड्याचा डाव.

बरणीत खाली गर बसलाय का ते बघा. खरबुजाच्या पाण्यात बिया, पेरूच्या पाण्यात रवाळ गाळ, चिंचेच्या पाण्यात चोथ्याचे धागे दिसले की समजायचं, फळ सकाळी कुस्करलंय. पाणी काचेसारखं नितळ आणि रंग होळीतल्यासारखा असेल तर पाकिटातली पावडर ढवळलीय. जी बाई घरच्या पाण्यात पावडर घालते ती सूपमध्येही विकतची वडी टाकते, असा माझा हिशोब आहे आणि तो क्वचितच चुकला. ओर्चाता, म्हणजे तांदळाचं सरबत, ढवळण्याआधी बघा. तांदळाचा साका खाली बसून वर पातळ पाणी सुटलेलं असेल तर खरी. तासन् तास एकजीव दुधाळ राहत असेल तर बाटलीतला अर्क आहे.

पोटाचं काय, हा प्रश्न येणारच. नळाचं पाणी तिथे स्थानिक लोकही पीत नाहीत; घरोघरी 20 लिटरचे जार येतात, त्यांना गाराफोन म्हणतात. फोंद्यातली सरबतंही साधारण त्याच पाण्याची. शंका आली तर "एस आग्वा दे गाराफोन?" असं हसत विचारा. बर्फ बघा. मधोमध भोक असलेल्या नळकांड्या असतील तर तो कारखान्यात शुद्ध पाण्याचा बनवलेला आहे. लादीतून फोडलेले वेडेवाकडे तुकडे असतील तर "सिन इएलो", बर्फ नको.

नुसतं 'आग्वा' मागितलं तर सरबत येतं. साधं पाणी हवं असेल तर 'आग्वा नातुराल' म्हणा. 'आग्वा मिनेराल' म्हटलंत तर सोडा येईल. मधुमेहींनी लक्षात ठेवावं, साखर बरणीतच घातलेली असते, त्यामुळे 'बिनसाखरेचं द्या' म्हणून उपयोग नाही. अर्धा ग्लास सरबत आणि अर्धा साधं पाणी मागा.

उच्चारांचं तेवढं सांगते, नाहीतर पाटी वाचून चुकाल. जे हे अक्षर ह म्हणून वाचायचं, एच वाचायचंच नाही, आणि दोन एल शेजारी आले की य. म्हणून पाटीवर जमैका देशाचं नाव दिसतं ती हमायका, आणि होर्चाता दिसते ती ओर्चाता.

गावोगावची पाणी

ही घरी करायच्या फंदात पडू नका, तिथे जाऊनच प्या.

वाहाकाच्या बाजारात बायका भल्यामोठ्या मातीच्या पसरट भांड्यात कोपरापर्यंत हात घालून काहीतरी मळत बसलेल्या दिसतील. ते तेहाते. राखेच्या पाण्यात शिजवलेला मका, भाजलेला काकाओ (चॉकलेट ज्याचं करतात ते बी), मामेय फळाची बी आणि काकाओचं फूल म्हणतात ते एक सुगंधी फूल, हे सगळं वाटून त्याचा गोळा होतो. त्यावर थंड पाण्याची धार उंचावरून सोडत हाताने घुसळत राहायचं. थोड्या वेळाने वर पांढरा, दाट, कापसासारखा फेस चढतो. तो फेस बाजूला सरकवून खालचं मातकट पाणी रंगवलेल्या तुंब्याच्या वाटीत ओततात, साखरेचा पाक घालतात आणि फेसाचा एक थर पुन्हा वर ठेवतात. दिसायला भिजवलेल्या प्लास्टरसारखं. माझ्या नवऱ्याने पहिल्या दिवशी तोंड फिरवलं, चौथ्या दिवशी दोन वाट्या रिचवल्या. सान आन्द्रेस वायापाम हे शेजारचं गाव तेहातेसाठी नावाजलेलं. वाहाकाच्याच बेनितो हुआरेस बाजारात कसिल्दा नावाचा सरबतांचा जुना गाळा आहे. तिथली ओर्चाता घ्या, वरून लाल निवडुंगफळाचा रस, खरबुजाचे तुकडे आणि अक्रोड घालून देतात.

ग्वादालाहाराला जाणाऱ्यांनी तेहुइनो चाखावं. मक्याच्या पिठाचं आंबवलेलं पेय, त्यात लिंबू, मीठ आणि लिंबाच्या बर्फाचा गोळा. आंबील आवडत असेल तर पहिल्या घोटातच आवडेल. चियापासमध्ये तास्कालाते, भाजका मका आणि काकाओचं विटकरी पेय. युकातानमध्ये चाया नावाच्या पाल्याचं हिरवंगार सरबत, अननस किंवा लिंबू घालून.

कोकणातल्या माणसाने मात्र कोलिमाला जायला हवं. तिथे तुबा मिळते, माडाचा ताजा गोड रस, आपली नीराच म्हणा, शेंगदाणे टाकून. माडावर चढून रस उतरवायची ही कला मेक्सिकोची नव्हेच. 1565 ते 1815 अशी अडीचशे वर्षं मनिला ते आकापुल्को जहाजं ये-जा करत होती, त्यांतून आलेल्या फिलिपिनो लोकांनी ती आणली. प्रवास उलट्या दिशेनेही झालाय. आपला चिकू आणि विलायती चिंच मूळचे तिकडचे. बाजारात विलायती चिंचेचे गुलाबी आकडे बघून मी तिथल्या बाईला उत्साहाने सांगायला गेले, की हे आमच्या गावचं. तिने माझ्याकडे पाहिलं ते अजून लक्षात आहे.

आता आपल्या ओट्यावर

तीन पेयं सविस्तर सांगते. यांना लागणारं बहुतेक सामान किराणा दुकानात आणि मंडईत मिळतं.

*हमायका, म्हणजे अंबाडीचं सरबत.* थंडीत लाल अंबाडीची ताजी बोंडं येतात. बी काढून पाकळ्यांसारखा मांसल भाग सावलीत कडकडीत वाळवून ठेवा. वाळलेली विकतही मिळतात. पण पाकिटावर नुसतं जास्वंद लिहिलं असेल तर वास घेऊन आणि तुकडा चावून बघा. आंबट लागलं पाहिजे. देवाला वाहतो त्या जास्वंदीच्या फुलांना रंग येतो, ही आंबट चव येत नाही.

वाळलेली बोंडं एक मोठा कप घ्या, साधारण 30 ते 40 ग्रॅम. पाण्यातून पटकन एकदा काढा, धूळ जाते. स्टीलच्या पातेल्यात एक लिटर पाणी उकळा, बोंडं टाका, पाच मिनिटं मंद उकळू द्या, गॅस बंद करून वीस मिनिटं झाकून ठेवा. अॅल्युमिनियमचं भांडं नको, आंबटपणा त्याला खातो. गाळून घ्या, गरम असतानाच अर्धा कप साखर विरघळवा, मग आणखी एक लिटर गार पाणी घाला. साखर वाढवायची असेल तर पूर्ण गार झाल्यावर चव बघून, कारण गार झालं की आंबट पुढे येतं. जिरं, सैंधव, पुदिना यातलं काहीही घालू नका. मोह होतो, मला माहीत आहे. पण घातलंत तर ते आपलं सरबत झालं, मग मेक्सिकन म्हणायचं कशाला?

गाळणीत उरलेला चोथा फेकायचा नाही. बारीक चिरून कांदा, लसूण आणि थोड्या मिरचीबरोबर तेलावर खमंग परता. तिथे हे तोर्तियात भरून खातात, आमच्याकडे पोळीबरोबर जातं.

*ओर्चाता.* स्पेनमध्ये हे पेय एका गवताच्या कंदापासून करतात. मेक्सिकोत ते तांदळाचं झालं. एक कप कोलम किंवा कुठलाही जुना, मोकळा होणारा तांदूळ घ्या. इंद्रायणी नको, चिकट होतं. तांदूळ धुऊन तीन कप पाण्यात दालचिनीच्या दोन इंची तुकड्याबरोबर रात्रभर भिजत घाला, उन्हाळ्यात फ्रीजमध्ये. दालचिनी कुठली हे इथे महत्त्वाचं. मेक्सिकन लोक श्रीलंकेची पातळ पदरांची, बोटांनी चुरा होणारी दालचिनी वापरतात. आपल्या गरम मसाल्यातली जाड लाकडी साल घातलीत तर जीभ चरचरते. कोकणातली घरच्या झाडाची मिळाली तर उत्तम.

सकाळी सगळं त्याच पाण्यासकट मिक्सरमध्ये वाटा, दालचिनीसुद्धा. अंगठा आणि तर्जनीत घासून बघा, रवा लागता कामा नये. मग पातळ सुती कापडातून गाळा. गाळणीवर भागत नाही, हे मी शिकले ते पाहुण्यांपुढे दाताखाली कच आल्यावर. पिळून घ्या, पुन्हा एकदा गाळा. तीन कप गार पाणी, अर्धा कप साखर, आणि हवं तर एक कप उकळून गार केलेलं दूध. दूध न घालता करणारी घरंही आहेत, मला तीच आवडते. वाढताना प्रत्येक वेळी ढवळायचं. दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा, कच्च्या तांदळाचं पाणी लवकर आंबतं.

*तेपाचे.* हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खोडकर. अननसाची सालं आणि मधला दांडा एवढाच माल. नाव मक्याच्या जुन्या पेयावरून आलंय, पण आता तेपाचे म्हणजे अननसच.

चांगला पिकलेला, बुडाशी वास येणारा अननस घ्या. सोलण्याआधी नुसता पाण्याखाली धरा, घासू नका, व्हिनेगर लावू नका. सालीवरचं यीस्टच आपल्याला आंबवून देणार आहे. गर खाऊन टाका. सालं आणि दांडा काचेच्या बरणीत घाला, चिनीमातीची लोणच्याची बरणी असेल तर आणखी छान. 200 ते 250 ग्रॅम गूळ फोडून घाला. तिकडचं पिलोन्सियो म्हणजे शंकूच्या आकाराची गुळाची ढेपच. पिवळाधमक गूळ नको, काळपट घ्या. दालचिनीचा एक तुकडा, तीन-चार लवंगा, आणि उकळून पूर्ण गार केलेलं दोन लिटर पाणी. गूळ विरघळेपर्यंत लाकडी चमच्याने ढवळा. सालं पाण्याखाली राहायला हवीत. वर तरंगत असतील तर एक छोटी बशी ठेवा. तोंडाला फडकं बांधा, झाकण नाही.

किती वेळ? मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून 2240 मीटरवर आहे, हवा गार, तिथे माझं तेपाचे तीन दिवस घ्यायचं. पुण्यात एप्रिलमध्ये ते छत्तीस तासांत तयार होतं, मुंबईत त्याहूनही आधी. म्हणून पाककृतीतले दिवस मोजू नका, चोवीस तासांनंतर दर काही तासांनी चाखा. पांढरा फेस आला तर डावाने काढून टाका, तो चांगला. हिरवा, काळा किंवा गुलाबी केसाळ थर आला तर दया न दाखवता बरणी रिकामी करा. गोड, आंबट आणि जिभेवर बारीक टोचणारं झालं की गाळा आणि फ्रीजमध्ये ठेवा. तीन-चार दिवस टिकतं, त्यानंतर व्हिनेगरकडे झुकतं. किंचित मद्यांश असतो, त्यामुळे लहान मुलं, गरोदर बायका आणि न घेणारी वडीलधारी माणसं यांना आधी सांगून द्या. पिताना बर्फ, लिंबू, चिमूटभर मीठ. लिंबाची अदलाबदल करावी लागत नाही, त्यांचं लिमोन म्हणजे आपलं कागदी लिंबूच.

बाकीची पटकन. चिंचेचं पाणी तुम्हाला शिकवायला नको, फक्त जिरं-गूळ बाजूला ठेवून साखर घाला आणि दाट ठेवू नका. लिंबू सरबतात भिजवलेले चिया टाकले की आणखी एक मेक्सिकन पेय झालं, सब्जाही चालतो. पावसाळ्यात आतोले करा. तिथे मूळ ते चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याच्या पिठाचं असतं, पण घाईत मेक्सिकन आयासुद्धा कॉर्नफ्लोरच वापरतात. एक लिटर दुधाला तीन मोठे चमचे, गार दुधात कालवून, दालचिनी आणि साखरेबरोबर ढवळत दाट होईपर्यंत. चॉकलेट घालून रवीने घुसळलंत तर चांपुरादो. लाकडी रवी त्यांच्याकडेही आहे, तिला मोलिनियो म्हणतात, तळव्यांमध्ये धरून फिरवतात.

तेपाचेच्या बाटलीबद्दल एक राहिलं. गाळल्यावर मी एकदा ते फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या बाटलीत घट्ट बंद करून ओट्यावरच विसरले. मे महिना होता. रात्री अडीचला बंदुकीसारखा आवाज झाला. सकाळपर्यंत आम्ही छताच्या पंख्यावरून अननस पुसत होतो, आणि काच दोन आठवडे सापडत राहिली. तेव्हा प्लास्टिकची बाटली घ्या, वर चार बोटं जागा सोडा, झाकण अर्धंच फिरवा, आणि उघडायची ती सिंकमध्ये धरून.